अठ्ठेचाळीस तासांची अट

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न फुटांचा असतो. ‘राजारामला किती?’ कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ असतात. पंचगंगा पात्राबाहेर पडली की अर्धं गाव शिवाजी पुलावर पाणी बघायला जातं. पाणी गायकवाड वाड्याला टेकलं का, यावर पैजा लागतात, कणसं भाजली जातात. 2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र पाणीच गाव बघायला आलं.

त्या महापुराच्या कहाण्या खूप सांगून झाल्या. होड्या, हेलिकॉप्टर, माणुसकी, सगळं. इथे तोच घटनाक्रम पुन्हा लावायचा आहे, पण शेजारी सरकारी मदतीचा घटनाक्रम ठेवून. नदी तासातासाने चढत होती. मदतीची फाईलही तास मोजत होती, फक्त वेगळ्या कारणासाठी.

रविवार, 4 ऑगस्ट

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड. पश्चिमेकडच्या तालुक्यांत पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चारही नद्या फुगलेल्या. पाचवी सरस्वती गुप्त, असं मानतात. या सगळ्या प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि तिथून पुढे पंचगंगा होते. म्हणजे शहरात पाणी किती येणार, हे चिखलीच्या लोकांना शहराच्या आधी कळतं.

भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब ठरावीक झाला की दरवाजा आपोआप उघडतो. त्याला कुणाची सही लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही. या सगळ्या घटनाक्रमात विनाविलंब काम करणारी यंत्रणा कुठली, असं विचारलं तर मी तिचंच नाव घेईन.

सोमवार, 5 ऑगस्ट, सकाळी 11

श्रावणी सोमवार आणि त्याच दिवशी नागपंचमी. पंचगंगेने धोक्याची पातळी मागेच ओलांडलेली होती. नदीकाठच्या सुतारवाड्यातली कुटुंबं नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी बाहेर पडली. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. दरवर्षी थोडं पाणी वाढलं की सुतारवाडा हलतो आणि ओसरलं की परत येतो. मदत आणि पुनर्वसन या जोडशब्दातला दुसरा शब्द तिथे कधी पोचलेला नाही.

याच सुमारास दिल्लीत राज्यसभेत गृहमंत्री अमित शहा उभे राहिले आणि कलम 370 चा प्रस्ताव मांडला. त्या क्षणापासून देशातल्या बहुतेक वृत्तवाहिन्या काश्मीरच्या झाल्या. कोल्हापूर-सांगलीतलं पाणी पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत गेलं. त्यात कुणाचा कट नव्हता. पण संकटाला दिल्ली-मुंबईची नजर लागते तेव्हाच पैसा हलतो, हा आपल्याकडचा अनुभव आहे. ती नजर पुढचे दोन दिवस दुसरीकडे होती.

सोमवार, दुपार ते रात्र

चिखली आणि आंबेवाडीत पाणी घुसायला लागलं.

लोक वेळेवर का निघाले नाहीत, हा प्रश्न नंतर शहरातल्या माणसांनी बऱ्याचदा विचारला, थोडा तुच्छतेनेच. उत्तर भिंतीवर होतं. 2005 च्या पुराची रेघ गावातल्या कितीतरी घरांवर होती. कुणी ऑइलपेंटने ओढलेली, कुणी नुसती नखाने दाखवायची. ‘तेव्हा तिसऱ्या पायरीला थांबलं होतं’ हे घरातल्या म्हाताऱ्याने स्वतः बघितलेलं असायचं. माणूस हवामान खात्यापेक्षा आपल्या पायरीवर जास्त विश्वास ठेवतो. या वेळी पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलं नाही, आणि ते थांबणार नाही हे कळलं तेव्हा बाहेरचा रस्ता गेलेला होता.

दुसरं कारण गोठ्यात होतं. म्हशी सोडून जायचं कसं? होडीत माणूस चढतो, म्हैस चढत नाही. दावं कापून जनावरं मोकळी सोडायची आणि ती पोहून उंचावर जातील अशी आशा करायची, हा निर्णय घ्यायला घरातल्या कर्त्याला रात्र पुरली नाही. सरकारी दरपत्रकात दुभत्या म्हशीची किंमत तेव्हा 30 हजार रुपये होती. बाजारात त्या पैशांत पंढरपुरी म्हशीची नुसती चौकशी करता आली असती.

या गावांना 1989 च्या पुरानंतर पुनर्वसनाचा अनुभव होता. चिखलीकरांना सोनतळीला जागा मिळाली. काहींनी तिथे घरं बांधली, पण शेत, गोठा आणि देव्हारा असलेलं जुनं घर नदीकाठालाच राहिलं. प्लॉट देता येतो, शेत उचलून नेता येत नाही. मग तीस वर्षांत पोरांची लग्नं झाली, खातेफोड झाली, आणि जुन्या गावात परत दिवे लागले.

मंगळवार, 6 ऑगस्ट, पहाट

आता पाणी शहराच्या आत. ते समोरून आलंच नाही. जयंती नाला उलटा फिरला. पंचगंगेला तुंब लागला की नाल्याचं पाणी मागे ढकललं जातं आणि मग नदीपासून लांब राहणाऱ्यांच्या दारात नदी येते. दुधाळी, उत्तरेश्वर, रमणमळा, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरी. ज्यांनी आयुष्यभर पूर पुलावरून बघितला होता ते पहिल्यांदा गॅलरीतून बघत होते.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती उभे होते. गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला, म्हणजे महिनाही उरला नव्हता. साचे काढून झालेले, मूर्ती वाळत ठेवलेल्या, काहींना पहिला हात दिलेला. मूर्तिकाराची वर्षभराची उलाढाल या काही आठवड्यांत असते, तीही आगाऊ पैसे घेऊन किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून. शाडूची मूर्ती पाण्यात बसली की तिचा गोळा होतो. प्लास्टरची उभी राहते, पण कामाची राहत नाही. दोन्ही प्रकारच्या मूर्तींच्या रांगा पाण्यात गेल्या. पंचनाम्याच्या कागदावर याला काय म्हणायचं? घराचं नुकसान? दुकानाचं? मूर्ती ही पीक नव्हे, जनावर नव्हे, भांडंही नव्हे.

मंगळवार, संध्याकाळ

पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. एका बाजूला किणीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला कागलपर्यंत ट्रक थांबले. शहर बेट झालं. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी ही पाणी उपसा केंद्रंच पाण्यात, त्यामुळे गावभर पाणी आणि नळाला थेंब नाही. पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवलं. गोकुळचं दूधसंकलन कोलमडलं, तेव्हा मुंबई-पुण्याच्या चहात कोल्हापूरचा पूर पहिल्यांदा जाणवला.

रस्ता बंद म्हटल्यावर मदत आकाशातून यायची. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, नौदल, तटरक्षक दल, सगळे टप्प्याटप्प्याने येत गेले. उजळाईवाडीच्या छोट्या विमानतळावर एरवी दिवसाकाठी बोटावर मोजण्याइतकी विमानं. आता बोटी घेऊन विमानं उतरायला लागली. तोपर्यंत व्हाईट आर्मी या स्वयंसेवी संघटनेची पोरं, तालमीतली पोरं, ट्रॅक्टरवाले, आणि ज्याच्याकडे फुगवलेली ट्यूब आहे तो प्रत्येक जण कामाला लागलेला होता.

मंगळवार, रात्री 11 च्या पुढे

सुषमा स्वराज गेल्याची बातमी आली. वाहिन्या काश्मीरवरून तिकडे वळल्या.

बुधवार, 7 ऑगस्ट

या दिवशी दोन गोष्टी झाल्या. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर साडेपंचावन्न फुटांच्या पुढे गेली. 1989 आणि 2005 या दोन्ही पुरांच्या खुणा पाण्याखाली गेल्या. आणि मुंबईत शासन निर्णय निघाला.

त्यात पूरग्रस्त कुटुंबांना प्रत्येकी 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत द्यायचं ठरलं. पण अट होती: क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडालेलं असलं पाहिजे.

अठ्ठेचाळीस तास. छपराच्या पत्र्यावर बसलेल्या माणसाला हे कळायचं कारण नव्हतं, कारण त्याचा मोबाईल बंद पडलेला होता. पण ज्यांना कळलं त्यांचा संताप उसळला, आणि तो बरोबरच होता. तीस तास पाण्यात राहिलेला गव्हाचा कणगा खायच्या लायकीचा राहतो का? चूल पेटते का? सरकारकडून खुलासा आला की ही अट नवी नाही, आधी ती आठवड्याची होती, ती दोन दिवसांवर आणली आहे. खुलासा खरा होता. त्यामुळे प्रकरण सुटत नाही, उलट आणखी अवघड होतं. एखाद्या मंत्र्याचा उद्दामपणा असता तर मंत्र्याला बोलून मोकळं होता आलं असतं. इथे दोष त्या दरपत्रकात होता, आणि दरपत्रक सगळ्याच पक्षांनी सांभाळलेलं.

ते दरपत्रक जरा जवळून बघू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25 टक्के असतात. कोणत्या संकटाला तो वापरायचा, याची यादी ठरलेली: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमकडा, ढगफुटी, कीड, थंडीची लाट. प्रत्येकाचे दर ठरलेले. 2015 ते 2020 या काळासाठी मृत्यूला 4 लाख. सपाटीवरचं पक्कं घर पूर्ण पडलं तर 95,100. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली तर 5,200. गोठा 2,100. बागायत पिकाला हेक्टरी 13,500, तेही नुकसान 33 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर, आणि दोन हेक्टरांपर्यंतच. घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ बुडालं, तर कपड्यांचे 1,800 आणि भांड्यांचे 2,000.

भांड्यांचे दोन हजार. एका घरातली भांडी डोळ्यांसमोर आणा. फडताळातले स्टीलचे डबे एकावर एक, तळाच्या डब्यात जोंधळा. कुकर, पोळपाट, परात, तवा. लेकीच्या लग्नासाठी जमवलेला पितळी हंडा, ज्यावर नाव आणि तारीख कोरलेली. मिक्सर, गॅसची शेगडी आणि फ्रीज मात्र ‘भांडी’ धरायची का, याचा खल तलाठ्याने करायचा. पूर ओसरल्यावर ही सगळी भांडी दारात उलटी घातलेली दिसत होती आणि प्रत्येकाच्या पोटात तळाला बोटभर गाळ होता. पितळ घासून निघतं. मिक्सरची मोटर निघत नाही.

यादीत आग आहे, याचीही नोंद घ्यायला हवी. ज्या सह्याद्रीच्या उतारांवरून ऑगस्टमध्ये हे पाणी आलं तेच उतार फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्याने काळे पडतात. मसाई पठार, पन्हाळ्याचा परिसर, राधानगरीकडचे डोंगर. वनखातं जाळरेषा काढतं, हंगामी मजूर लावतं, गावकरी ओल्या फांद्यांनी आग झोडपतात. वणव्याच्या धोक्यासाठी केंद्राने 19 राज्यांतल्या 144 जिल्ह्यांकरिता 818.92 कोटींचा वेगळा कार्यक्रमही मंजूर केला आहे. पण वणव्यात गेलेल्या गवताचा पंचनामा कोण करणार? डोंगरातल्या धनगराच्या दृष्टीने ते गवत म्हणजे चार महिन्यांचा चारा. पुरात निदान भिंतीवर रेघ राहते. वणव्याची राख पहिल्या वळवात धुऊन जाते, आणि नुकसान सिद्ध करायला काही उरत नाही.

गुरुवार, 8 ऑगस्ट, सकाळी साडेनऊच्या सुमारास

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. ती सरकारी बचावपथकाची नव्हती, गावचीच होती. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली, कारण दुसरी बोट कधी येईल हे कुणालाच माहीत नव्हतं. बायका, म्हातारी माणसं, लेकरं. सतरा जीव गेले.

प्रत्येकी 4 लाखांचा मृत्यूचा दर इथे लागू झाला. गावात आधी एक चांगली बोट आणि चार लाईफ जॅकेट ठेवायचा दर मात्र त्या पुस्तकात शोधावा लागतो. माझं सगळं भांडण इथे आहे. आपली आपत्तीची तिजोरी माणूस मेल्यावर, घर पडल्यावर, पीक कुजल्यावर उघडते. त्याच्या आदल्या दिवशी तिला कुलूप असतं.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस महाजनादेश यात्रा थांबवून त्या दिवशी कोल्हापूरला आले, हवाई पाहणी झाली. कर्नाटकाशी तिथल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गाबद्दल बोलणी चालू होती. त्यावरून पुढे वर्षभर वाद झाला. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने 2020 च्या मे महिन्यात दिलेल्या अहवालात अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांकडे बोट दाखवलं. चहाच्या टपरीवर मात्र अजूनही अलमट्टीच दोषी आहे. शेजारच्या राज्यावर ढकलता येतं म्हटल्यावर आपल्या नाल्यावरच्या बांधकामाकडे कोण बघतो?

शुक्रवार, 9 ऑगस्ट

पाण्यात पहिल्यांदा गेलेल्या घरांचे अठ्ठेचाळीस तास केव्हाच उलटले होते. बाकीच्यांचे अजून मोजायचे होते. शिरोळ तालुक्यात तर पाणी हलायलाच तयार नव्हतं. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, खिद्रापूर, राजापूर. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचा हा भाग ताटासारखा सपाट. कोल्हापूर शहरात पाणी उतरायला लागलं तरी ते जाणार इथेच. त्यामुळे शिरोळकराला तासांच्या अटीचं भय नव्हतं; त्याच्याकडे तास भरपूर होते.

अडचण झाली ती मधल्या घरांची. उंचवट्यावरच्या गल्लीत पाणी दीड दिवस होतं, खालच्या गल्लीत पाच दिवस. रेशन एकच, शेजार एकच. तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला यायचे तेव्हा घरातली बाई रेघ दाखवायची आणि ते वही पुढे करून विचारायचे, ‘वहिनी, किती दिवस होतं?’ या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं की उपयोगाचं, एवढाच विचार उंबऱ्यात उभं राहून करायचा. भाऊसाहेबांनाही ते कळत होतं. त्यांचं स्वतःचं घरही बऱ्याचदा त्याच पाण्यात होतं.

सोमवार, 12 ऑगस्ट

महामार्ग एका बाजूने उघडला. त्या दिवशी बकरी ईद होती. कितीतरी मुस्लिम कुटुंबांनी सणाचा खर्च पूरग्रस्तांकडे वळवला. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून टेम्पो यायला लागले: चादरी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, आणि जुन्या कपड्यांचे डोंगर, ज्यांतले निम्मे कुणी अंगाला लावू नयेत असे. पण हे टेम्पो घेऊन येणाऱ्यांपैकी एकानेही घर किती तास बुडालं होतं हे विचारलं नाही.

सरकारी मदतही आता वेग घेत होती. शहरी कुटुंबाला 15 हजार, ग्रामीण कुटुंबाला 10 हजार. त्यातले 5 हजार रोख, उरलेले खात्यात. आधी सगळंच खात्यात टाकायचं चाललं होतं. पासबुक भिजलेलं, आधार कार्ड वाहून गेलेलं, बँकेच्या शाखेतच चिखल, एटीएम बंद. रोखीचा निर्णय झाला तो याच्या रेट्यामुळे. हे पैसे दरपत्रकापेक्षा जास्त होते आणि ते हाती पडले, ही सरकारची जमेची बाजू. लहान व्यापाऱ्यांना नुकसानीच्या 75 टक्के, जास्तीत जास्त 50 हजार, असंही पुढे ठरलं. कुंभार गल्लीच्या मूर्तींना त्यात कुठेतरी जागा मिळाली.

मंगळवार, 13 ऑगस्ट

मंत्रिमंडळाने केंद्राकडे मागायचा आकडा ठरवला: 6,813 कोटी. त्यातले 4,708 कोटी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासाठी, 2,105 कोटी कोकण, नाशिक आणि इतर भागांसाठी. पिकांना 2,088 कोटी, रस्ते आणि पुलांना 876, घरांना 222, छोट्या व्यावसायिकांना 300. कोल्हापूर-सांगलीत चार लाखांहून जास्त माणसं घर सोडून बाहेर पडलेली होती, आणि शेतात उभा ऊस शेंड्यापर्यंत गाळाने माखून पिवळा पडत होता. कारखान्याचा ऊस म्हणजे पुढच्या वर्षीच्या सोसायटीच्या कर्जाची फेड. तो कुजला की पूर पुढच्या मार्चपर्यंत चालू राहतो.

सोमवार, 6 जानेवारी 2020

केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सात राज्यांसाठी 5,908.56 कोटी मंजूर केले. महाराष्ट्राच्या वाट्याला 956.93 कोटी. पंचगंगेने शिखर गाठलं त्याला पाच महिने झालेले होते. मधल्या काळात राज्यात निवडणूक झाली, राष्ट्रपती राजवट आली, एक सरकार तीन दिवसांत पडलं आणि दुसरं आलं. मागितलेल्या सात रुपयांना एक, असा साधारण हिशेब पडला. बाकीचं राज्याने आपल्या खिशातून घातलं, आणि जे कुणीच घातलं नाही ते घराघरांतल्या दागिन्यांनी भरलं.

त्यानंतर

2021 च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं आणि 2019 च्या रेघेवर गेलं. पॅकेज 11,500 कोटींचं जाहीर झालं. आता जागतिक बँकेच्या कर्जातून कृष्णा खोऱ्यातल्या पुराचं पाणी वळवायचा आणि पूर्वसूचना सुधारायचा मोठा कार्यक्रम आखलेला आहे. तो पुरा होईल तेव्हा होईल, पण निदान पैसा पाण्याच्या आधी खर्च करायची भाषा त्यात आहे.

दरपत्रकही सुधारलं. 2022 पासून कपड्यांचे 1,800 वरून 2,500 झाले आणि भांड्यांचे 2,000 वरून 2,500. घर दोन दिवसांपेक्षा जास्त बुडालेलं असण्याची ओळ त्यात तशीच आहे.